मांडीतला स्टॉक

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कोणी फाटे फोडायला नको. यंदा सुरक्षा सप्ताहातली रस्सीखेच आमच्या स्टोअर डिपार्टमेंटने जिंकली ती माझ्यामुळे. हे वाक्य मी ज्यांना ज्यांना ऐकवलं ते सगळे आधी गप्प बसले आणि मग खोकले. खोकू देत. चाकणला धूळ फार आहे.

मी ज्योतीराम मोहोळकर. राहायला रहाटणीत, नोकरीला चाकणमध्ये, आणि उरलेलं आयुष्य या दोन्हींच्या मधे कंपनीच्या बसमध्ये. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मी स्टोअर इनचार्ज आहे. नटबोल्टपासून हातमोज्यांपर्यंत जे काही लाइनला लागतं, ते माझ्या खिडकीतून जातं. त्यामुळे साठा म्हणजे काय, तो कुठे ठेवायचा, किती ठेवायचा, हे मला कोणी शिकवू नये, असं माझं मत होतं. अजूनही आहे. मधे एकदा जरा डळमळलं होतं, तेवढंच.

सगळं महाभारत सुरू झालं ते कँटीनवरून. आमच्याकडे जेवणाच्या तीन बॅच असतात. पहिली प्रेस शॉपची, म्हणजे पत्रे दाबून भाग काढणाऱ्यांची, दुसरी असेंब्लीची आणि शेवटची आमची. लाइन चालू असेपर्यंत स्टोअरची खिडकी बंद करता येत नाही, म्हणून आम्ही शेवटी. तिसऱ्या बॅचची चपाती वाकत नाही, थेट मोडते. आमटीत डाळ शोधायला वाकलं तर आपलाच चेहरा दिसतो. भाजीबद्दल मी बोलत नाही, कारण ती बहुतेक वेळा संपलेली असते.

यंदा एचआरच्या उत्कर्षा मॅडमनी नोटीस लावली, की रस्सीखेचीच्या विजेत्यांना ढाल वगैरे काही मिळणार नाही. आधीच्या ढालींवर लोक ओले डबे वाळत घालतात, असं त्यांच्या लक्षात आलं होतं. त्याऐवजी जिंकणारं डिपार्टमेंट वर्षभर पहिल्या बॅचला जेवेल, आणि त्या वेळात खिडकी सांभाळायची सोय एचआर करेल.

नोटीस वाचून आमचा रंगराव माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. रंगराव म्हणजे स्टोअरमधला सगळ्यात जुना माणूस. खेड तालुक्यातला, आडवातिडवा गडी. रस्सीखेचीत दोराचं शेवटचं टोक अंगाभोवती घेऊन उभा राहतो तो हाच. पुढच्या महिनाअखेरीला तो रिटायर होणार होता.

"सायेब," तो म्हणाला, "येवढी वर्सं कंपनीचं मीठ खाल्लं, पर गरम न्हाई खाल्लं कवा. आमटीतनं वाफ निघती ती म्या घरीच बघितली. जाताजाता येकदा जिंकू की वो."

दरवर्षी आम्ही पहिल्याच फेरीत प्रेस शॉपकडून फरफटत जातो. तिथली माणसं दिवसभर लोखंडाशी झुंजतात आणि आम्ही पावत्यांशी. पण रंगराव असं कधी काही मागत नाही. रजा मागतानासुद्धा तो लाजतो. मी टेबलावर हात आपटून म्हणालो, "रंगराव, या वेळी जिंकायचंच. माझ्यावर सोडा!"

सोडलं त्याने. तिथेच त्याचं थोडं चुकलं.

अडचण एकच होती. गेल्या वर्षी प्रेस शॉपने आठ रेडे उतरवले होते, अशी तक्रार झाल्यामुळे मॅडमनी यंदा नियम केला, की संघातले जास्तीत जास्त आठ जण, आणि सगळ्यांचं मिळून वजन सहाशे किलोपर्यंतच. मी बाकीच्या सातही जणांना एकेक करून घरी बोलावलं आणि माझ्या बाथरूममधल्या काट्यावर उभं केलं. आठवा मी, माझं धरून बेरीज आली पाचशे चौऱ्याण्णव. म्हणजे वजनात आम्ही चोख होतो. प्रश्न फक्त ताकदीचा होता.

आमची सौभाग्यवती, विजयश्री, काळेवाडीच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. त्या दिवशी ती मेथी निवडत बसली होती. मी सहज विचारलं, "अगं, माणसाला ताकद येते तरी कुठून?"

शिक्षकाला असा प्रश्न सहज विचारू नये. पण माझं नशीब थोर, म्हणून मी विचारला.

"साखरेतून," ती म्हणाली. "भात, पोळी, बटाटा, काहीही खाल्लं तरी पोटात त्याची साखर होते आणि ती रक्तात येते. पण रक्तात एका वेळी असते ती जेमतेम चमचाभर."

"चमचाभर? एवढ्यावर एवढा माणूस चालतो?"

"चालतो, कारण मागून पुरवठा चालू असतो. लगेच लागते ती वापरायची, उरलेली साठवून ठेवायची. थोडी यकृतात आणि बरीचशी स्नायूंमध्ये. त्या साठ्याला म्हणतात ग्लायकोजेन."

मी ताडकन सरळ बसलो. हे तर आमचंच खातं निघालं! "म्हणजे रक्त ही लाइन, यकृत हे मेन स्टोअर, आणि स्नायू म्हणजे लाइनजवळ ठेवलेले मालाचे डबे, म्हणजे बिन!"

"हं, म्हणा तसं."

"आणि ते इन्सुलिन इन्सुलिन म्हणतात ते?"

"साखरेला पेशीत जायला दार उघडून देतं."

"गेट पास!" मी ओरडलो. "आणि चरबी?"

तिने माझ्या पोटाकडे एकदा पाहिलं. "ते लांबचं गोडाऊन. माल अमाप, पण आणायला वेळ लागतो. जोर लावायचा असेल तेव्हा स्नायूतली साखरच कामाला येते. आणि एक गंमत आहे. मांडीत साठलेली साखर फक्त मांडीच वापरते. हाताला पाहिजे म्हणून मांडी आपली साखर देत नाही. सगळ्यांना वाटतं ते यकृत."

मला मांडीबद्दल एकदम आदर वाटला. ज्या डिपार्टमेंटचा माल त्याच डिपार्टमेंटला, उसनवारी बंद! एवढी शिस्त आमच्या प्लँटमध्ये असती तर मी आज कुठल्या कुठे असतो. इतकी वर्षं मी स्वतःच्या मांडीवर फाइल ठेवून सह्या केल्या, पण तिची योग्यता मला कळली नव्हती.

"मोठे खेळाडू शर्यतीआधी तीन दिवस भरपूर भात-बटाटा खातात आणि आराम करतात," ती पुढे म्हणाली. "म्हणजे स्नायू काठोकाठ भरतात. पण त्यात एक लक्षात ठेवायला लागतं—"

"समजलं!" मी उठलोसुद्धा.

"अहो, पुढचं ऐका तरी."

"समजलं म्हटलं ना!" मी चपला घातल्या. ज्याला मुद्दा कळतो त्याला तपशील लागत नाहीत. मी खाली जाऊन संघातल्या सगळ्यांना फोन लावायला घेतला.

आमच्या सोसायटीत जिन्यात उभं राहून फोन करणं म्हणजे जाहीर सभा घेण्यासारखं आहे. तळमजल्यावरच्या कुसुमताई दार उघडून बाहेर आल्या. त्या बार्शीकडच्या, आणि सल्ल्याच्या बाबतीत त्यांचा हात फार सढळ.

"भात काय खायला सांगताय भाऊ? तूप खावा तूप. तुपाबिगर ताकद येती का कुठं? आमचा धाकला दीर तालमीत होता. रोज वाटीभर तूप प्यायचा."

"मग कुस्त्या जिंकायचे का ते?"

"न्हाई, जिंकला न्हाई कधी. पण पडायचा कसा, दणकन! अख्ख्या गावाला आवाज जायचा."

शेवटी भात आणि तूप असा मध्यममार्ग निघाला. दुसऱ्या दिवशी सकाळी कुसुमताईंनी केशर, लवंगा घातलेला साखरभाताचा मोठा डबाच माझ्या हातात ठेवला. शेजारधर्म म्हणून नाही म्हणवेना. खरं सांगायचं तर नाही म्हणायची इच्छाही नव्हती.

स्टोअरमध्ये मी माणसं गोळा केली आणि हुकूम सोडला. तीन दिवस पोट फुटेस्तोवर भात, बटाटा, केळी. आणि आराम. मांडीतला माल रस्सीखेचीच्या दिवसापर्यंत कोणी खर्च करायचा नाही.

भिवाने हात वर केला. भिवा दापोडीचा. माणूस सरळ, पण प्रश्न फार विचारतो. "साहेब, मांडी न वापरता चालायचं कसं?"

"गरजेपुरतं चालायचं."

"आणि जिना?"

"जिना बंद!"

सिद्धेश मात्र खूश होता. हा आमच्यातला सगळ्यात हलका, रत्नागिरीकडचा. "साहेब, भात खायचा हुकूम आयुष्यात पहिल्यांदा ऐकतोय मी," तो म्हणाला आणि त्या दिवसापासून डब्याऐवजी पातेलं आणायला लागला. रंगरावच्या घरून त्याच्या मंडळींचा फोन आला, की हे जेवताना उठतच नाहीत, कंपनीत काही झालंय का? मी सांगितलं, वहिनी, वाढत राहा.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्लँट मॅनेजरांचा फोन आला. "मोहोळकर, असेंब्ली थांबलीये. बोल्ट कुठे आहेत?"

"बोल्ट आहेत साहेब. ट्रॉली ढकलायला माणूस नाही."

"माणसं कुठे गेली?"

"इथेच बसलीयेत साहेब. भरतायत."

"काय भरतायत?"

"मांड्या," मी म्हणालो.

पलीकडून फोन आपटला गेला. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मोठ्या पदावरच्या माणसांना शरीरशास्त्र समजावून सांगणं किती कठीण असतं. मग मी स्वतःच ट्रॉली ढकलत लाइनपर्यंत गेलो. अख्खी असेंब्ली टाळ्या वाजवत होती. माझ्या मांडीतली निदान एक मूठ साखर त्यात खर्च झाली असावी. ती भरून काढायला मी संध्याकाळी साखरभाताचा आणखी एक डोंगर संपवला.

तिसऱ्या दिवशी सगळ्यांनाच तहान फार लागत होती. भिवाचा पट्टा एक भोक पुढे सरकला होता. मी सहज घरच्या काट्यावर उभा राहिलो, तर काटा दोन किलो जास्त दाखवायला लागला. मी उतरलो, काट्याला टपली मारली, परत चढलो. तेच. मी त्याचे सेल बदलले. पुन्हा तेच!

विजयश्री स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, मी त्या दिवशी तेच सांगत होते, की—"

"काटा बिघडलाय," मी म्हणालो आणि तो उचलून माळ्यावर टाकून दिला. माणसावर विश्वास ठेवावा, काट्यावर ठेवू नये. स्टोअरमधला माझा आयुष्यभराचा अनुभव याच्या बरोबर उलटा आहे, पण त्या वेळी तो मला आठवला नाही.

रस्सीखेचीच्या दिवशी सकाळी गेटवर प्रेस शॉपचा कॅप्टन शेखर भेटला. गालफडं बसलेली, डोळे खोल गेलेले. "काय राव मोहोळकर साहेब! आमचं वजन बरोबर सहाशेवर आणलंय. तीन दिवस नुसती काकडी आणि ताक. दोघं तर भर उन्हात स्वेटर घालून पळत होते. तुमचं काय?"

"आमचं भरलंय," मी ऐटीत म्हणालो.

वजन कंपनीतल्याच मोठ्या काट्यावर होणार होतं. पण त्या काट्यावर लाल टॅग लटकत होता. काट्याच्या तपासणीची मुदत संपली होती, आणि मुदत संपलेलं उपकरण वापरू नये म्हणून तो टॅग कोणीतरी कर्तव्यदक्ष माणसाने लावला होता. तो कर्तव्यदक्ष माणूस म्हणजे मी.

"सर, सही तुमचीच आहे," उत्कर्षा मॅडम म्हणाल्या. "आणि हा सुरक्षा सप्ताह आहे. लाल टॅगचं उपकरण मी कसं वापरू देऊ?"

मग तो टॅग मीच काढतो, असं मी सुचवलं. त्यावर टॅग काढायला तपासणीचा दाखला लागतो, असा माझाच नियम त्यांनी मला वाचून दाखवला. मी इतका काटेकोर माणूस आहे हे मला त्या दिवशी पहिल्यांदा खुपलं.

वजनाच्या नियमाला कंटाळून बाकीच्या डिपार्टमेंटनी यंदा नावंच दिली नव्हती, म्हणून मग आमचे दोनच संघ टेम्पोत बसून चाकणच्या कांदा मार्केटजवळच्या वजनकाट्यावर गेले. भरलेल्या ट्रकांच्या रांगेत आमचाही टेम्पो लागला. आधी माणसांसकट टेम्पोचं वजन, मग रिकाम्या टेम्पोचं, वजाबाकी म्हणजे संघाचं वजन. प्रेस शॉपचं बरोबर सहाशे आलं. मग आमचा नंबर लागला.

"माल काय?" काट्यावरच्या माणसाने खिडकीतून विचारलं.

"माणसं."

"ते यात येत नाही. कांदा टाकू का?"

टाक म्हटलं. पावती आली: माल कांदा, निव्वळ वजन सहाशे दहा किलो.

मी घाईघाईने विजयश्रीला फोन लावला. तिची मधली सुट्टी चालू होती.

"दहा किलो जास्त? होणारच," ती शांतपणे म्हणाली. "साखर शरीरात एकटी साठत नाही. ती आपल्या तिप्पट पाणी बरोबर घेऊन बसते. अर्धा किलो साखर साठली तर दीड किलो पाणी. माणशी दोन किलो वाढले असतील. त्या दिवशी मी तेच सांगत होते, तर तुम्ही चपला घालत होतात."

अहो, जन्मभर मी ट्रक उतरवून घेतले. माल वेगळा, पॅकिंग वेगळं. पॅकिंगसकट वजन करायचं, पॅकिंग वजा करायचं, हे माझ्या हाताखालच्या नवशिक्यालाही मी पहिल्या दिवशी शिकवतो. आणि साखर पाण्याच्या पॅकिंगमध्ये येते, हे माझ्या डोक्यात आलं नाही! ही गोष्ट मला फार लागली. वजन वाढल्याचं दुःख नाही, पण पॅकिंग चुकावं?

मॅडमनी अर्धा तास दिला. मग जे झालं त्याचं वर्णन सभ्य माणसाने करू नये, पण थोडक्यात सांगतो. बूट, पट्टे, मोबाइल, किल्ल्या, ओळखपत्रं, सगळं काट्याच्या केबिनपाशी काढून ठेवलं. मार्केटच्या मागच्या बाजूला जाऊन प्रत्येक जण आपापल्या परीने हलका होऊन आला. भिवा शेजारच्या सलूनमधून चक्क डोकं तासून आला. "साहेब, केसांचं वजन लागतंच की," तो म्हणाला. त्याची बायको काय म्हणेल हा विचार त्याला नंतर सुचला.

आम्ही परत काट्यावर चढलो. "वाळला वाटतं कांदा," काटेवाला म्हणाला. सहाशे पाच!

"सर, सहाशे म्हणजे सहाशे," मॅडम म्हणाल्या. "सात जणांनी खेळलं तरी चालेल. नाहीतर राखीव खेळाडू घ्या."

राखीव खेळाडू आम्ही नोंदवलाच नव्हता. राखीव म्हणजे पडून राहणारा माल, आणि तसल्या मालाचा मला पहिल्यापासून तिटकारा.

"मग कोण बाहेर बसतंय?"

सगळे कांद्याच्या गोणींकडे पाहायला लागले. तेवढ्यात रंगराव पुढे आला.

"म्या ऱ्हातो भायेर. समद्यात वजन माझंच हाय. माझ्या येकट्यापायी समद्यांचं नगं."

ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तोच माणूस अंग काढून घ्यायला निघाला होता. आणि शेवटच्या टोकाला रंगराव नसेल तर आमचा दोर म्हणजे वाळत घालायची दोरी. मी हिशेब केला. सगळ्यात हलका माणूस काढला तर वजन सर्वांत कमी घटतं, म्हणजे शास्त्राप्रमाणे सिद्धेश. पण सिद्धेश हलका असला तरी रोज रॅकवरची खोकी उतरवतो. दिवसभर फक्त पेन उचलणारा आमच्यात एकच होता.

"रंगराव, तुम्ही हलायचं नाही!" मी म्हणालो. "बाहेर मी बसतो."

असं बोलल्यावर एक क्षण थांबायची पद्धत असते. त्या क्षणात कोणीतरी "नको साहेब, तुमच्याशिवाय कसं होईल?" असं म्हणायचं असतं. मी थांबलो.

"बरं साहेब," सिद्धेश म्हणाला.

बाकीच्यांनी माना डोलावल्या. भिवा तर टकलावरून हात फिरवत हसलासुद्धा. मी टेम्पोतून खाली उतरलो. काटेवाल्याने पावती फाडली: कांदा, पाचशे वीस.

दुपारी कंपनीच्या मैदानावर सगळा प्लँट जमला. एकीकडे प्रेस शॉपचे आठ, दुसरीकडे आमचे सात, आणि रेषेबाहेर मी, शर्टाच्या बाह्या सारून उगाचच तयार. तीनपैकी दोन खेची जिंकायच्या. पहिली शिट्टी झाली आणि आमचे लोक जीव खाऊन ओढायला लागले. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच सगळे पालथे. पहिली खेच गेली. असेंब्लीवाले हसायला लागले. रंगराव धूळ झटकत उठला आणि त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही.

त्या वेळी मला जे सुचलं, ते सुचायला स्टोअरमध्ये हाडं झिजवावी लागतात. मी धावत आत गेलो आणि सगळ्यांना जवळ घेतलं.

"ओढताय कशाला? ओढणं हे आपलं काम आहे का? रोज प्रेस शॉपचा माणूस खिडकीवर ग्रीस मागायला येतो. आपण देतो?"

"नाही साहेब," भिवा म्हणाला.

"काय सांगतो?"

"उद्या या."

"तो आरडाओरडा करतो. आपण काय करतो?"

"काही नाही. बसून राहतो," सिद्धेश म्हणाला.

"मग तेच करायचं! ओढू नका. नुसता धरून ठेवा. एक इंचसुद्धा कोणाला द्यायचा नाही. त्यांना ओढू दे, ओरडू दे. त्यांच्या मांड्या रिकाम्या आहेत, आपल्या भरलेल्या. रंगराव, कळलं?"

"व्हय," रंगराव म्हणाला आणि त्याने टाचा मातीत रोवल्या.

दुसरी शिट्टी झाली. प्रेस शॉपने जोर लावला. आमचे सात जण मागे रेलून नुसते पडून राहिले. शेखर ओरडत होता, "हेइस्सा! हेइस्सा!" आमच्यातलं कोणी हूं की चूं करेना. अशी निर्विकार तोंडं मी फक्त आमच्या खिडकीच्या आतून पाहिली आहेत. दोर मधोमध थरथरत उभा होता. मी रेषेवरून बेंबीच्या देठापासून ओरडत होतो, "द्यायचं नाही! मॅनेजरने मागितलं तरी द्यायचं नाही!" प्लँट मॅनेजर माझ्या शेजारीच उभे होते, हे मला नंतर कळलं.

हळूहळू शेखरच्या माणसांचे पाय लटपटायला लागले. मला सगळं आरपार दिसत होतं. तीन दिवसांच्या काकडीवर मांडीतले बिन रिकामे, मेन स्टोअरमध्ये खडखडाट, आणि चरबीच्या गोडाऊनमधून निघालेला ट्रक अजून तळेगावच्या चौकात अडकलेला. एवढ्यात रंगरावने एक पाऊल मागे टाकलं. मग दुसरं. मग सगळे सात जण मागे चालत निघाले आणि प्रेस शॉप त्यांच्यामागून निमूट रेषेपार आलं.

तिसऱ्या खेचीला फारसा अर्थ उरला नव्हता. शिट्टीनंतर थोड्याच वेळात त्यांच्यातला एक जण दोर सोडून खाली बसला, मग दुसरा बसला. शेखर शेवटपर्यंत धरून होता, हे मान्य केलं पाहिजे. पण आमचा रंगराव त्याला दोरासकट घेऊन आला.

मी नाचलो. पन्नाशी उलटलेल्या इनचार्जने नाचू नये, पण मी नाचलो! मग शेखरकडे पाहिलं तर तो घामाने थबथबलेला, हात कापत होते. त्या सकाळी पुन्हा भरून मिळालेल्या डब्यातला साखरभात मी त्याच्यापुढे ठेवला. तो लगेच खायला लागला आणि थोड्या वेळाने त्याच्या तोंडावर रंग आला. "कोणी केलाय हो हा?" त्याने विचारलं. मी कुसुमताईंचं नाव सांगितलं.

आता माणसांची कृतज्ञता बघा. बक्षीस देताना उत्कर्षा मॅडम म्हणाल्या, "एक खेळाडू कमी असूनही स्टोअरने बाजी मारली." भिवाने मित्रांना सांगितलं, "साहेब बाहेर बसले ना, त्यानेच मोकळं वाटलं." असेंब्लीवाल्यांनी तर पुढच्या वर्षी आपापला इनचार्ज बाहेर बसवायचं आत्ताच ठरवून टाकलंय. घरी विजयश्रीने सगळं ऐकून घेतलं, अगदी शेवटपर्यंत, मधे न उठता. मग म्हणाली, "सिद्धांत बरोबर होता तुमचा." बायकोकडून एवढं मिळालं तर ते फ्रेम करून लावावं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बॅचची घंटा झाली. खिडकीवर एचआरचा माणूस बसला आणि आम्ही आठ जण कँटीनमध्ये शिरलो. एवढी रिकामी टेबलं आम्ही कधी पाहिली नव्हती, त्यामुळे बसायचं कुठे हेच कळेना. शेवटी सगळे एकाच टेबलावर दाटीवाटीने बसलो. वाढप्याने मोठ्या पळीने आमटी वाढली. तिच्यातून वाफ निघत होती. सगळे रंगरावकडे बघायला लागले.

रंगरावने सवयीप्रमाणे वाटी उचलली आणि तोंडाला लावली. इतक्या वर्षांची गार आमटी प्यायची सवय. दुसऱ्या क्षणी त्याने वाटी खाली आपटली, तोंडापुढे हात हलवला, डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"काय झालं रंगराव?" मी घाबरून विचारलं.

"पोळलं, सायेब!" तो ओरडला. अख्ख्या कँटीनने वळून पाहिलं. "तोंड पोळलं! कंपनीच्या आमटीनं तोंड पोळलं माझं!" आणि तो इतका हसायला लागला, की भिवाने त्याची पाठ चोळली. मग त्याने डोळे पुसले, फुंकत फुंकत वाटी संपवली आणि ती पुढे करून वाढप्याला म्हणाला, "आजून वाढ. निवायच्या आत वाढ."

मीही घाईघाईने घोट घेतला. माझीही जीभ चांगलीच पोळली. पण मी इनचार्ज पडलो, म्हणून गप्पच राहिलो आणि दुसरी वाटी मागवली.